टिकेल ना, साहेब?

यंदाही रमजानच्या जाहिरातीत चंद्रकोर कुठे बसवायची यावर आमच्या ऑफिसात दीड तास खल झाला. गाडीच्या डोक्यावर बसवली तर ती टपावरच्या कॅरियरसारखी दिसते, मागे ठेवली तर गाडीचा रंग मरतो, आणि मुळीच ठेवली नाही तर ही सवलत रमजानची आहे हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? शेवटी ती नेहमीप्रमाणे डाव्या कोपऱ्यात गेली. दुबईत गाड्यांच्या जाहिराती करता करता मला चोवीस वर्षं झाली, आणि चोवीस वर्षं ती चंद्रकोर डाव्या कोपऱ्यातच जाते आहे. फक्त चर्चेचा कर भरल्याशिवाय जात नाही.

इथे गाड्या विकणाऱ्यांची सुगी म्हणजे रमजान. आपल्याकडे दसरा-पाडव्याला शोरूमच्या दारात तोरण लागतं, तसे इथे महिनाभर कंदील टांगलेले असतात. विमा फुकट, नोंदणी फुकट, तीन वर्षांचं सर्व्हिसिंग फुकट. फलकावर इतकं काही फुकट असतं की मग पैसे नेमके कशाचे घेतात असा प्रश्न पडावा. ऑफिस दोन तास लवकर सुटतं. पँट्रीच्या काचेला पडदा लागतो आणि रोजा न धरणारी आम्ही मंडळी त्याच्या आड बसून चोरासारखे डबे खातो. कुणी सक्ती केलेली नाही, पण समोर उपाशी माणूस काम करत असताना भेंडीची भाजी घशाखाली उतरत नाही, एवढंच. दुपारी दोननंतर सगळ्यांचे आवाज खाली येतात, फोनवरची भांडणंसुद्धा सौम्य होतात. मला हा महिना फार आवडायचा. अलीकडे तो आला की नुसतं थकायला होतं.

थकण्याचं कारण आधीच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वीच्या एका रमजानमध्ये मला एका माणसाने एक प्रश्न विचारला आणि मी त्याला उत्तर दिलं. ते उत्तर खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. त्या उत्तराने मी त्या माणसाला फसवलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याला जाऊन विचारायची हिंमतही झालेली नाही. हा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. त्या साली तो एप्रिलात होता, उन्हाने काचा तापायला लागल्या होत्या. यंदा थंडीच्या शेपटाला आला आहे. महिना आपली जागा सोडून एवढा लांब आला, मी मात्र त्याच प्रश्नापाशी उभा आहे.

तेव्हा मी एका अमेरिकन गाडीच्या ब्रँडचं काम बघायचो. नाव लिहीत नाही. वकिलाकरवी पत्र पाठवण्याइतकी ती कंपनी अजून धडधाकट आहे. गाडीला आपण इथल्या जुन्या माणसांसारखंच ‘अमेरिकन’ म्हणू. त्यांना अमेरिकनबद्दल एक हळवेपणा आहे. त्यांच्या लहानपणी वाळवंटात गार वारा असतो हे त्यांना त्या गाडीने दाखवलं. एक म्हातारे अरब गृहस्थ शोरूममध्ये यायचे, पांढऱ्या शुभ्र पायघोळ कंदुऱ्यात, हातात मण्यांची माळ. नवी गाडी आली की आत बसायचे, एसी पूर्ण सोडायचे आणि झोतासमोर तळहात धरून डोळे मिटायचे. इंजिन केवढं, पेट्रोल किती खाते, काही विचारायचे नाहीत. मिनिटभराने हात मागे घेऊन म्हणायचे, “खलास. आय टेक.” असा ग्राहक मिळायला पूर्वपुण्याई लागते. आम्ही अशा ग्राहकाला काय दिलं, तर दर दीड वर्षाने एक नवीन ब्रीदवाक्य.

दर मार्चमध्ये डेट्रॉईटच्या मुख्य कचेरीकडून एक जाडजूड पीडीएफ यायचं. त्यात गाडी कमी आणि डोंगराच्या कड्यावर उभं राहून लांब बघणाऱ्या बायका जास्त. एके वर्षी त्यात लिहिलं होतं की आता आपण तरुणांचे. आम्ही तरुणांचे झालो. स्केटबोर्डवाली मुलं आणून फोटो काढले, एकाचा पाय मोडला. पुढच्या वर्षी आपण कुटुंबाचे. मग कळलं की कुटुंबात पैसा नाही, म्हणून आपण उच्चभ्रूंचे. त्यानंतर आपण एकदम पृथ्वीचे झालो, कारण विजेवर चालणारी गाडी येणार होती. ती काही आली नाही. प्रत्येक ब्रीदवाक्याचं अरबी भाषांतर करून घेणं हे माझं काम. भाषांतर करणारा इजिप्तचा माणूस भला होता. तो दर वेळी शांतपणे विचारायचा, “हबीबी, याचा अर्थ काय?” मी म्हणायचो, “अर्थ नको, चांगलं वाटलं पाहिजे.” या सगळ्या वर्षांत गाडी तीच होती, फक्त पुढचे दिवे जरा अरुंद झाले होते.

आणि मग ज्या ऐसपैस सेडानवर इथल्या लोकांचा जीव होता तीच बंद करायचं ठरलं. अमेरिकेत ती कुणी घेत नव्हतं. तिकडे सगळ्यांना उंच गाड्या हव्या होत्या. इकडच्यांना काय हवं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तीस पानांचं सादरीकरण करून काहीतरी भलतंच सांगितलं असतं, हेही खरं. तोवर चिनी गाड्या येऊन थडकल्या होत्या. निम्मी किंमत, दुप्पट वॉरंटी, आणि आत टीव्हीएवढा पडदा. मी एकदा आमची गाडी टेस्ट ड्राइव्हसाठी म्हणून घरी नेली, अल मनखूलला, आमच्या बिल्डिंगखाली. माझी मुलगी मुक्ता तेव्हा अकरावीत. तिने दार उघडलं, आत डोकावली आणि म्हणाली, “बाबा, सीरियसली? इट्स अ ग्रँडपा कार.” मी म्हटलं, “अगं, पण बसून तर बघ, सीट किती मऊ आहे.” ती म्हणाली, “एक्झॅक्टली.” माझ्या पीडीएफांना जे सहा वर्षांत सांगता आलं नाही ते तिने एका शब्दात सांगितलं. माझी स्वतःची गाडी कुठली होती, तर जपानी. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये ओळीने जपानी गाड्या उभ्या असायच्या, साहेबापासून शिपायापर्यंत. दिवसभर लोकांना आमची गाडी घ्या म्हणून सांगायचं आणि संध्याकाळी जपानी गाडीत बसून घरी जायचं, यात कुणाला काही वाटत नव्हतं.

आता सुर्वे. दत्ताराम सुर्वे, मूळ लांज्याकडचे, आमच्या जबल अलीच्या यार्डात मुकादम. जहाजातून गाड्या उतरल्या की त्या यार्डात आणून ओळीत लावायच्या, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी धुऊन-पुसून, तपासून तयार करायच्या, हे त्यांचं काम. आमच्या ग्रुपकडे पाच-सहा ब्रँड होते आणि सगळ्यांच्या गाड्या त्यांच्याच हाताखालून जायच्या. अठरा वर्षं. इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत चार जण राहायचे, पहाटे कंपनीच्या बसने यार्डात. माणूस ठेंगणा, कायम डोक्याला ओला पंचा बांधलेला. मला एकदा म्हणाले होते, “साहेब, हजारो गाड्या चालवल्या असतील मी. सगळ्या दोन-दोनशे मीटर. आणि सगळ्या प्लास्टिकवर बसून.” नव्या गाडीच्या सीटवर जो प्लास्टिकचा कागद असतो तो गिऱ्हाइकासमोरच काढायचा असा आमचा नियम. म्हणजे अठरा वर्षांत या माणसाने गाडीची खरी सीट बुडाखाली अनुभवलीच नव्हती. मी तेव्हा हसलो होतो. मग दोन दिवस ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्या रमजानच्या पहिल्याच आठवड्यात अमेरिकेहून कॅरल आली. साठीची, आखूड पांढरे केस, पायात चालायचे बूट. तिच्या येण्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आमच्या लेबनीज जनरल मॅनेजरला असावा, कारण त्याने दाढी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्हा तिघाचौघांना खोलीत बोलावून तिने सरळ सांगितलं. ब्रँड आखाती देशांतून काढून घ्यायचा. ईद झाल्यावर जाहीर करायचं. तोवर जेवढ्या गाड्या यार्डात आहेत तेवढ्या रमजानच्या सवलतीत संपवायच्या. सुटे भाग आणि दुरुस्ती पुढे दहा वर्षं मिळेल. मग एक कागद पुढे आला, कुठेही वाच्यता करणार नाही असा. मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं की तोंड बंद ठेवलंस तर ग्रुपच्या नव्या चिनी ब्रँडमध्ये तुझी जागा पक्की, इन्शाल्ला. मुक्ताची बारावी यायची होती. मी सही केली. पेन चांगलं होतं, आमच्याच ब्रँडचं.

चार दिवसांनी शिल्लक गाड्या मोजायला यार्डात गेलो. सकाळचे अकरा, डांबर तापलेलं. पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या गाड्यांच्या ओळी आणि त्यांच्यामधून चालणारे सुर्वे आणि मी. एका मरून रंगाच्या सेडानपाशी ते थांबले. शेवटच्या खेपेतली गाडी, रंगामुळे कुणी घेत नव्हतं.

“साहेब, ही घ्यायची म्हणतोय.”

“कोण घेतंय?”

“मी. का, आमी घेऊ नये?”

मी म्हटलं, “तसं नाही हो सुर्वे. पण एकदम?”

“लायसन काढून दोन वर्षं झाली. सहा वेळा फेल केलं त्या लोकांनी. डिसेंबरात मंडळी येतायत, विजिटवर. ती आणि मुलगा. अठरा वर्षं फोनवर दुबई दाखवतोय. आता जरा फिरवू म्हटलं. बचत हाय थोडी, इष्टाप डिस्काउंट पण हाय.” त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. तो हात तापलेल्या पत्र्यावर कसा राहिला कोण जाणे. मग माझ्याकडे न बघता, यार्डाच्या पलीकडच्या मोकळ्या बाजूकडे बघत त्यांनी विचारलं, “टिकेल ना, साहेब?”

मराठीत वाक्याला कर्ता नसला तरी चालतं. इंग्रजीत विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं की काय टिकेल, गाडी की कंपनी. मराठीत त्याची गरज पडत नाही, समोरच्याला कळतं. मलाही कळलं होतं. अठरा वर्षं गाड्या हाताळलेला माणूस पत्रा टिकेल का असं एका जाहिरातवाल्याला कशाला विचारील? पण कर्ता नव्हता, म्हणून मला तो निवडायची मुभा मिळाली, आणि मी गाडी निवडली.

“टिकेल की,” मी म्हणालो. “लोखंड आहे ते. वीस वर्षं काही होत नाही.”

सुर्वे माझ्याकडे वळले. टपावरचा हात काढून म्हणाले, “मग यल्ला. घेऊ.”

पुढच्या गुरुवारी गाडी त्यांच्या नावावर झाली. त्याच दिवशी कॅरलला यार्ड बघायचं होतं, म्हणून मी तिला घेऊन गेलो. सुर्व्यांनी गाडी एकदा धुतली होती, परत धुतली. डोक्याचा पंचा काढून केस विंचरले होते. सीटवरचा प्लास्टिकचा कागद कुणाला काढू दिला नाही, स्वतः बसून, एका बाजूने सोलत, घडी करत काढला आणि ती घडी डिकीत ठेवली. मग खिशातून चार लिंबं काढून एकेका चाकाखाली एकेक ठेवलं.

कॅरल ते बघून जागच्या जागी थबकली. “व्हाय लेमन्स?” तिने मला हळूच विचारलं.

मी सांगितलं, दृष्ट लागू नये म्हणून. नवी गाडी पहिल्यांदा लिंबं चिरडून पुढे न्यायची, आमच्याकडची पद्धत आहे. तिचा चेहरा विचित्र झाला. तिने सांगितलं की अमेरिकेत बिघडलेल्या, फसव्या गाडीलाच लिंबू म्हणतात. असं लिंबू गळ्यात पडलं तर पैसे परत मागता यावेत म्हणून तिकडे कायदा आहे, त्यालाही लिंबाचंच नाव. आमच्या कारखान्यात लिंबाचं चित्रसुद्धा कुणी लावत नाही, ती म्हणाली. मला हसू आलं, तीही हसली. सुर्व्यांना वाटलं बाई खूश झाल्या. त्यांनी हात जोडले आणि आत जाऊन बसले.

चारही लिंबं एकामागून एक फुटली. सुर्वे यार्डाच्या टोकापर्यंत गेले आणि दोनशे मीटरवर थांबायचं नसतं हे लक्षात आल्यासारखे फाटकाबाहेर पडले. लिंबाचा वास बराच वेळ हवेत होता.

“त्याला माहीत आहे?” कॅरलने विचारलं.

“नाही.”

“त्याने विचारलं नाही?”

मी म्हणालो, “तुमच्या कागदावर सही केली आहे मी.”

ती यार्डातल्या केबिनच्या सावलीला सरकली. मग तिने जे सांगितलं ते मला वाटतं तिने फारसं कुणाला सांगितलं नसावं. तिचे वडील त्याच कंपनीत, जोडणीच्या पट्ट्यावर, एकतीस वर्षं. दर चार वर्षांनी कंपनीचीच नवी गाडी घ्यायचे. दुसऱ्या कंपनीची गाडी दारात उभी करणाऱ्या शेजाऱ्याशी बोलायचे नाहीत. कॅरल शिकली, त्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत लागली, आणि वडिलांचा कारखाना बंद करायचं ज्या खोलीत ठरलं त्या खोलीत ती नोट्स घ्यायला होती. तसाच गुप्ततेचा कागद तिच्याही पुढे आला होता. वडिलांना कळलं ते टीव्हीवरून, रविवारी, ती समोर बसलेली असताना.

“मग ते काय म्हणाले?”

“काही नाही. टीव्ही बंद केला आणि गवत कापायला गेले.” ती म्हणाली, “त्यानंतर त्यांनी मला कामाबद्दल कधीच काही विचारलं नाही. हवापाण्याचं बोलायचो आम्ही.”

मी तिला हॉटेलवर सोडलं. माझ्या जपानी गाडीतून. पंधरा देशांतून ब्रँड काढून घेण्याचं काम तिने केलं होतं, आता आखाताची पाळी होती. एका मोठ्या कारखानदार देशाची थकलेली बाई माझ्या शेजारी बसून शेख झायेद रोडवरचे आमचे फलक बघत होती. त्या फलकांवर डाव्या कोपऱ्यात चंद्रकोर होती आणि खाली लिहिलं होतं की आम्ही सदैव तुमच्यासोबत.

ईद झाली, बातमी जाहीर झाली. ते पत्रकही मीच लिहिलं. ‘ग्राहकांप्रती आमची बांधिलकी’ हे शब्द त्यात तीनदा होते, मॅनेजरने चौथ्यांदा घालायला लावले. मी चिनी ब्रँडकडे गेलो, मजला एकच वर. सुर्व्यांचा फोन येईल म्हणून मी महिनाभर धास्तावलेला. तो आला नाही. मग मीच यार्डात जायचं टाळायला लागलो. कनिष्ठ माणसाला पाठवायचो, व्हिडिओ कॉलवर काम भागवायचो. बायको एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “एवढं खातंय तुम्हाला तर एक फोन करा ना त्यांना.” मी म्हटलं, करतो. अशी तीन-चार वर्षं गेली.

इथल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत मला हमखास विचारतात, काय हो, तुम्ही या धंद्यातले, अमेरिकन गाड्यांच्या कंपन्या टिकतील का? मी ताट सांभाळत काहीतरी बोलतो. टिकतील बहुतेक. त्यांच्या देशात त्यांचे ते घराएवढे ट्रक खपतात, बाहेरच्या गाड्यांना कराची भिंत आहे, सरकार बुडू देत नाही. पण हळूहळू स्वतःच्या अंगणापुरत्या उरतील. एके काळी सगळ्या जगाला गाडी म्हणजे काय हे ज्यांनी सांगितलं ते आता आपल्याच गल्लीत फिरतील. विजेच्या गाडीवर पैसे लावतात, मग काढून घेतात, परत लावतात. काय बनवायचं हे ठरत नाही, म्हणून काय म्हणायचं हे दर वर्षी ठरवतात. एवढं बोलून झालं की लोक श्रीखंडाकडे वळतात. आणि मला मनात कळत असतं की हे दुखणं काही त्यांचं एकट्याचं नाही. आमच्या चिनी ब्रँडचं तिसरं ब्रीदवाक्य गेल्याच महिन्यात आलं. इजिप्तचा माणूस अजून तोच आहे आणि अजून तोच प्रश्न विचारतो. मुक्ता आता कॅनडात शिकते. तिला मी नव्या गाडीचा फोटो पाठवला तर तिने अंगठा पाठवला. मला मुळात आता कुठलीच गाडी कुणाला घ्या म्हणून सांगावंसं वाटत नाही. घसा बसल्यासारखं झालं आहे.

गेल्या मंगळवारी मात्र जबल अलीला जावंच लागलं. नवं जहाज आलं होतं, फोटो काढायचे होते, कनिष्ठ माणूस सुट्टीवर. काम लांबलं. माझी गाडी गॅरेजला होती आणि इफ्तारच्या तासभर आधी टॅक्सी मिळणं अशक्य. सगळं शहर त्या वेळी घराकडे पळत असतं. मी फाटकापाशी फोन कानाला लावून उभा होतो, तेवढ्यात मरून रंगाची एक गाडी माझ्यासमोर येऊन थांबली आणि काच खाली गेली.

“साहेब? बसा, बसा. मनखूललाच ना अजून? सोडतो.”

सुर्वे जाड झाले होते, केस पिकले होते. मी बसलो. आतला एसी असा गार की अंगावर काटा आला. गाडी आतून लख्ख होती. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. त्या डिसेंबरात मंडळी आली होती. फुजैराला नेलं, समुद्र दाखवला, डोंगर दाखवला. बायको पुढच्या सीटवर बसली आणि एसी लागतो म्हणून तिने पिशवीतून शाल काढली. मुलाने मागे बसून गावी सगळ्यांना व्हिडिओ कॉल केले. सुटे भाग? कंपनीचे महाग पडतात, पण शारजात भंगारातल्या गाड्यांचे ढीगभर मिळतात, स्वतः जाऊन निवडून आणतो. मी हो-हो करत होतो. प्रत्येक वाक्यागणिक माझ्या छातीवरचं काहीतरी हलकं होत होतं, आणि तरी जात नव्हतं.

सूर्य बराच खाली आला होता. एका सिग्नलला सगळ्या गाड्या थांबल्या. रोजा सोडायची वेळ जवळ आली की सिग्नलवर स्वयंसेवक गाडीगाडीशी खजूर आणि पाण्याची डबी वाटतात. इथे धर्म कुणी विचारत नाही. सुर्व्यांनी काच खाली करून दोन डब्या घेतल्या, एक माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता नाही बोललो तर परत कधीच बोलणार नाही.

“सुर्वे, तुम्ही ही गाडी घेतलीत ना, तेव्हा मला माहीत होतं. कंपनी इथून जाणार म्हणून. तुम्ही विचारलंत आणि मी भलतंच उत्तर दिलं.”

ते पुढे बघत होते. खजुराची बी काढून त्यांनी नीट टिश्यूत गुंडाळली.

“मला पण माहीत होतं, साहेब.”

“तुम्हाला? कसं?”

“यार्डात काय लपतं? जहाज येणार असलं की आधी जागा मोकळी ठेवायला सांगतात. तुमच्या कंपनीच्या रिकाम्या लायनी तर जानेवारीतच पुसायला लावल्या, दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी. झाडूवाल्याला पण कळलेलं.”

“मग घेतलीत कशाला?”

“गाडी चांगली होती ना! आणि बंद होणार म्हणून तर त्या भावात भेटली.” ते मनापासून हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. एवढी वर्षं मी ज्याच्यापायी मनात कुढत राहिलो त्या माणसाचं काही नुकसान झालंच नव्हतं. माझ्या सगळ्या पीडीएफांपेक्षा त्याला धंदा जास्त कळत होता. मी पाणी प्यायलो, खजूर तोंडात टाकला. इतकं मोकळं मला त्या साऱ्या वर्षांत वाटलं नव्हतं. आणि त्याच मोकळेपणात मी विचारून गेलो,

“अहो, मग सगळं माहीत होतं तर मला विचारलंत कशाला?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. सुर्व्यांनी गाडी पुढे काढली, आरशात बघून शेजारच्या लेनमध्ये घेतली आणि मग सहज म्हणाले,

“आपलं माणूस हाय, तुमी सांगाल असं वाटलेलं.”